‘मॅडमकडे दोनदा पाठवलं, काही फरक नाही’

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना त्यातलं एक वाक्य नजरेतून निसटलं होतं आणि तेच सगळ्यांत कामाचं निघालं. त्याकडे येतेच, आधी बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. तुम्ही तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत सातवीचे वर्गशिक्षक आहात. वर्गाचा पट ५८. त्यातला एक मुलगा जूनपासून वर्ग चालू देत नाही. शिट्ट्या मारतो, पुढच्याच्या पाठीत कर्कटक टोचतो, उलट बोलतो. गेल्या आठवड्यात त्याने एकाची वही फाडली आणि ढकलाढकलीत दुसऱ्याचा ओठ फुटला. इंग्रजी-हिंदीच्या तासाला त्रास जास्त. ‘खेळाच्या तासाला मात्र अगदी शहाण्यासारखा वागतो, म्हणजे हे सगळं मुद्दाम चाललंय,’ असं तुम्ही लिहिलंय. संस्थेने नेमलेल्या समुपदेशक मॅडम दर गुरुवारी येतात. त्यांच्याकडे त्याला दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा तो मान खाली घालून बसला आणि परत आला. मुख्याध्यापक म्हणतात, दाखला देऊन मोकळं होऊ. स्टाफरूममध्ये म्हणतात, छडी गेली आणि पोरं डोक्यावर बसली. आणि तुमचा प्रश्न असा, की समुपदेशनाचा खरोखर काही उपयोग असतो का?

मी २१ वर्षं शाळांमधून हेच काम करते आहे, बहुतेक मराठी माध्यमाच्या, तुमच्यासारख्याच भरल्या वर्गांच्या शाळांत. उपयोग होतो असं माझं स्पष्ट मत आहे. पण ज्या पद्धतीने तुमच्या शाळेत (आणि अजून कितीतरी शाळांत) ते चाललंय, त्या पद्धतीने होत नाही. यात तुमच्या मॅडमचा दोष नाही आणि तुमचाही नाही. मूल आत पाठवायचं, अर्ध्या तासाने दुरुस्त होऊन बाहेर येईल म्हणून वाट बघायची, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. बारा वर्षांचं मूल आठवड्यातले सहा दिवस ज्या वर्गात बसतं, ज्या घरी झोपतं, तिथलं काहीही न बदलता गुरुवारच्या अर्ध्या तासात बदलेल कसं?

आधी तो गप्प का बसला ते बघू. काही वर्षांपूर्वी एका शाळेत सहावीच्या एका मुलाला शिपाईमामांनी दंडाला धरून माझ्या खोलीत आणून सोडलं. मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, ‘किती वेळ?’ मला आधी कळेना, कसला वेळ. मग कळलं, की त्याच्या लेखी वर्गाबाहेर उभं राहणं, मुख्याध्यापकांच्या ऑफिसबाहेर उभं राहणं आणि माझ्या खोलीत उभं राहणं ही एकाच शिक्षेची तीन ठिकाणं होती. ‘पुन्हा असं केलंस तर मॅडमकडे पाठवीन’ हे वाक्य वर्गात एकदा जरी उच्चारलं गेलं, तरी पुढचे दोन महिने त्या खोलीत कोणी मनापासून तोंड उघडत नाही. म्हणून माझी पहिली विनंती ही, की भांडण झालं त्याच दिवशी, त्याच रागात मुलाला समुपदेशकाकडे धाडू नका. शांत दिवस निवडा. मॅडमना सांगा, की त्यांनीच त्याला चांगल्या वेळी, आपणहून बोलवावं. त्याच्याबरोबर अजून दोनचार मुलंही जाऊ देत, म्हणजे फक्त वांड मुलांची ती खोली असा शिक्का बसणार नाही.

आता ते वाक्य. ‘खेळाच्या तासाला शहाण्यासारखा वागतो, म्हणजे मुद्दाम करतो.’ मी यातून उलटा अर्थ काढते. ज्याला स्वतःला आवरताच येत नाही, तो मैदानावरही आवरू शकत नाही. तिथे तर रांग असते, पाळी असते, हरणं असतं, पंचाचा निर्णय असतो. तुमचा मुलगा हे सगळं पाळतो. म्हणजे स्वतःला आवरण्याची ताकद त्याच्यात आहे आणि वर्गात असं काहीतरी घडतंय की तिथे ती संपते. ते काय आहे, हे शोधणं हे समुपदेशकाचं खरं काम. आणि ते खोलीत बसून सापडत नाही, वर्गातच सापडतं. तेही बऱ्याचदा शिक्षकालाच.

माझ्या कामातलं एक उदाहरण जरा तपशिलात सांगते. (मुलाची ओळख लागेल असं सगळं बदललंय.) सातवीचाच मुलगा, तक्रारी जवळपास तुमच्यासारख्याच. मी वर्गशिक्षिकाबाईंना एक शंभर पानी वही दिली आणि दोन आठवडे फक्त नोंद करा म्हटलं. उपाय काही करू नका, उपदेशही नको. तीनच गोष्टी लिहायच्या: त्याच्या आधी काय चाललं होतं, याने काय केलं, आणि त्यानंतर काय झालं. ‘उद्धटपणा केला’ असं लिहायचं नाही. ‘पट्टी बाकावर आपटली’ असं लिहायचं. उद्धटपणा हे आपलं मत झालं, पट्टी आपटणं ही घटना. बाईंना हे सुरुवातीला फार किचकट वाटलं, ५५ मुलांत वही कुठे घेऊन फिरू म्हणाल्या. मग त्यांनी हजेरीपटातच एक कागद ठेवला आणि तास संपल्यावर दोन ओळी लिहायला लागल्या. हिंदीच्या सरांनाही तेच सांगितलं.

बारा दिवसांच्या नोंदी घेऊन आम्ही तिघं बसलो. ‘तिसरा तास, हिंदी, प्रकट वाचन चालू. पट्टी आपटली. बाहेर उभं केलं.’ ‘पाचवा तास, इंग्रजी, वाचन. मागच्याचा डबा उघडला, भांडण. बाहेर उभं केलं.’ ‘तिसरा तास, हिंदी, वाचन. शिट्टी. बाहेर.’ हे असं सात-आठ वेळा. गणिताला क्वचित, चित्रकलेला कधीच नाही. वाचनाशी संबंध आहे एवढं तर लगेच दिसलं. मग सरांनी सहज आठवून सांगितलं, की वाचन हजेरी क्रमांकाने चालतं, एकेकाने एक परिच्छेद वाचायचा. या मुलाचा क्रमांक चौदा. गोंधळ व्हायचा तेव्हा कोण वाचत होतं हे आम्ही तारखेवारी आठवून पाहिलं. सगळ्या दिवसांचं काही आठवलं नाही, पण जेवढ्यांचं आठवलं त्यात दर वेळी दहा, अकरा नाहीतर बारा नंबरचं मूल उभं होतं.

तो मोजत होता. आपली पाळी जवळ आली की काहीतरी करायचं, की सर बाहेर काढतील. व्हरांड्यात उभं राहणं आपल्या दृष्टीने शिक्षा होती, त्याच्या दृष्टीने सुटका. आणि ती सुटका आम्हीच त्याला दर वेळी, न चुकता देत होतो. पंचावन्न मुलांसमोर अडखळत वाचून ‘ढ’ ठरण्यापेक्षा वांड ठरणं त्याला परवडत होतं. वांड पोराला वर्गात थोडा तरी मान असतो.

नंतर दोघंच असताना मी त्याच्यासमोर वर्तमानपत्राचं क्रीडापान ठेवलं. पाठ्यपुस्तक मुद्दामच नाही ठेवलं. खेळाडूंची नावं त्याने फोटो बघून धडाधड सांगितली. खालच्या ओळीला आला आणि थांबला. जोडाक्षर आलं की अंदाजाने शब्द ठोकून द्यायचा, वेलांटी-उकार गाळायचा, ओळ संपेपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला. सातवीत होता तो. मार्चमध्ये वर ढकलला जात जात इथवर आला होता आणि सात वर्षांत कोणी त्याच्या शेजारी बसून एक पान वाचून घेतलं नव्हतं.

पुढे आम्ही काय केलं ते सांगते, कारण ‘कारण कळलं’ म्हणून प्रश्न सुटत नाही. हिंदीच्या सरांनी क्रमांकाने वाचायला लावणं सगळ्यांसाठीच बंद केलं. त्याच्या एकट्यासाठी बंद केलं असतं तर तो पुन्हा उघडा पडला असता. ज्याला वाचायचं त्याने हात वर करायचा. याला आदल्या दिवशी दोन ओळी खूण करून दिल्या जायच्या, त्या घरी तयार करून आणायच्या आणि हवं तर वाचायच्या. शाळा भरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं एका निवृत्त बाईंनी त्याच्याबरोबर वाचन घेतलं. दरम्यान पालकांना तयार करून त्याची रीतसर तपासणी करून घेतली आणि अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं शिकायला अवघड जाणं) असल्याचं निदान झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत असाल तर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळं केंद्र आहे. इतरांनी जिल्हा रुग्णालयापासून चौकशी सुरू करावी. प्रमाणपत्राला वेळ लागतो, खेटे घालावे लागतात, तेव्हा दहावीची वाट बघू नका.

पाच महिन्यांनी रोजची भांडणं महिन्यातून एकदोनवर आली. पूर्ण थांबली नाहीत. वाचन आजही सफाईदार नाही. दहावी जादा वेळ घेऊन सुटला. माझ्या खोलीत तो त्या वर्षी जेमतेम सहा-सात वेळा आला असेल. बाकीचं सगळं काम खोलीबाहेर झालं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक दोन शिक्षकांनी केलं.

तुमच्या मुलाचंही असंच असेल असं मी म्हणत नाही. इंग्रजी-हिंदीला त्रास आणि मैदानावर शांतता ही खूण तिकडे बोट दाखवते, एवढंच. दुसऱ्या एका शाळेत अशाच नोंदींतून तासांऐवजी महिने पुढे आले होते. पाचवीतला मुलगा, जून ते सप्टेंबर एकही तक्रार नाही, दिवाळीनंतर रोज मारामारी. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ते एप्रिलपर्यंत येणार नाहीत. घरी आजी आणि धाकटी बहीण. सकाळी बहिणीचं आवरून, पाणी भरून हा उपाशीपोटी शाळेत यायचा आणि पहिल्या दोन तासांत कुणाच्या तरी अंगावर जायचा. तिथे वाचन-बिचन काही नव्हतं. आजीशी बोललो, शेजारच्या काकूंनी पाण्याचं बघितलं, वर्गशिक्षकांनी सकाळी आल्या आल्या त्याला काहीतरी खायला द्यायची सोय केली आणि दर रविवारी आईशी फोनवर बोलणं ठरवून दिलं. त्याला समजावण्यात मी फार वेळ घालवला नाही. समजावण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

म्हणून काय करायचं ते परिस्थिती बघून ठरवावं लागतं. त्रास कधीपासून आहे हे मी आधी विचारते. जूनपासून असेल तर जूनमध्ये काय बदललं? वर्ग, तुकडी, बाक, शिक्षक, घरात कुणाचं आजारपण, वडिलांचं काम सुटणं? पहिलीपासून असेल तर वाट वेगळी. मग विचारते, सगळीकडे आहे का. घरी, शिकवणीत, लग्नाकार्यात, मैदानावर, सगळीकडे मूल एका जागी ठरत नसेल, हे लहानपणापासून असेल, तर अतिचंचलतेचा, म्हणजे डॉक्टर ज्याला एडीएचडी म्हणतात त्याचा विचार करावा लागतो. ते निदान बालमनोविकारतज्ज्ञांनी करायचं. मीही ते करत नाही आणि शिक्षकाने तर वर्गात तो शब्द उच्चारूसुद्धा नये. मात्र निदान झालं आणि डॉक्टरांनी औषध दिलं, तर ‘मेंदूची गोळी नको’ म्हणून पालकांना घाबरवूही नये. योग्य मुलाला त्याचा चांगला उपयोग झालेला मी पाहिला आहे.

या सगळ्याच्याही आधी डोळे आणि कान. शेवटच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही हे पालकांना, शिक्षकांना आणि खुद्द मुलालाही कळत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. सतत फुटणाऱ्या कानाचंही तसंच. सूचना अर्धवट ऐकू येते, मूल चुकतं, आपण म्हणतो ऐकत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तुमच्या शाळेत तपासणीला येत असेल. (हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला होता.) पथक आलं की या मुलाला पहिल्या रांगेत उभं करा. यायला वेळ असेल तर ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या.

घरचा विषय नाजूक आहे, त्यावर जरा थांबते. तुम्ही लिहिलंय, वडिलांना दोनदा बोलावलं, एकदा आले आणि सगळ्यांदेखत मुलाच्या थोबाडीत मारून गेले. हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यामागचं आता ओळखू येतं. शाळेने बोलावलं म्हणजे आपली अब्रू गेली, असं वाटून तो बाप आलेला असतो. रोजंदारी बुडालेली असते. ऑफिसात चार खुर्च्यांवर चार गुरुजी, हा उभा. तिथे तो काय करणार? आपण नीट वळण लावतो हे दाखवायला त्याच्या हातात एवढंच असतं. मी आता अशा वडिलांना आधी बसवते, ‘दादा, चहा घ्या’ म्हणते आणि मुलाची एखादी खरी चांगली गोष्ट सांगते. खरीच हवी, खोटी लगेच कळते. तुमच्याकडे ती आहे: हा मुलगा मैदानावर नियम पाळतो. मग विचारते, ‘घरी तुमचं कोणत्या गोष्टीत ऐकतो?’ ‘का ऐकत नाही’ असं विचारलं की बाप मुलाकडे रागाने बघतो, ‘कशात ऐकतो’ विचारलं की विचार करायला लागतो. आणि भेट संपताना स्पष्ट सांगते, की आज घरी गेल्यावर याला मारायचं नाही, नाहीतर हा पुढच्या वेळी मला काही सांगणार नाही. तक्रार सांगण्याआधी एकदा तरी काही चांगलं सांगायला फोन करा. बरेच पालक माझा फोन उचलताना अजूनही पहिल्यांदा ‘काय केलं त्याने?’ असंच विचारतात.

आता समुपदेशक आणि शिक्षक यांच्यात काय बोललं जावं, याबद्दल. तुम्ही थोड्या नाराजीने लिहिलंय, की मॅडम काहीच सांगत नाहीत. यातली एक चूक माझ्या हातून झालेली आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने तिच्या घरातल्या भांडणाबद्दल मला सांगितलं. तिच्या वर्गशिक्षिकेने तिला समजून घ्यावं, या चांगल्या हेतूने मी ते त्यांना सांगितलं. त्यांनीही चांगल्याच हेतूने दुसऱ्या दिवशी तिला जवळ घेऊन विचारलं, ‘घरी सगळं ठीक आहे ना गं?’ त्या मुलीने बाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दारातच उभी होते. ती पुन्हा माझ्या खोलीत आली नाही. तिची शाळा संपेपर्यंत नाही. ते बघणं मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी शिक्षकांना मुलाने काय सांगितलं ते सांगत नाही, वर्गात काय बदलून बघावं एवढंच सांगते. तुमच्या मॅडमकडूनही तेवढंच मागा. ‘तो काय म्हणाला?’ याऐवजी ‘मी वर्गात काय करू?’ असं विचारा. त्याचं उत्तर त्यांना द्यायलाच हवं.

या गुप्ततेला मर्यादा आहेत आणि त्या मी मुलाला पहिल्याच भेटीत सांगते: तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मी गप्प राहणार नाही, पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशकालाही आणि शिक्षकालाही. ‘शाळेचं नाव जाईल, आधी आपसात बघू’ हा पर्याय कायद्याने ठेवलेला नाही. चांगला वागणारा मुलगा किंवा मुलगी अचानक आक्रमक किंवा एकदम गप्प झाली, एखाद्या ठरावीक व्यक्तीजवळ जायला कचरू लागली, तर हा विचार मनात यायला हवा. आणि कुणी ‘जगून काय करू’ असं बोललं, वहीत लिहिलं, तर त्याला त्या दिवशी एकटं सोडू नका, लक्ष वेधण्यासाठी करतोय असं म्हणू नका, त्याच दिवशी पालकांना बोलावून मनोविकारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. दोन्ही क्रमांक मुलांना दिसतील असे जिन्याजवळ लावा, ऑफिसात लावून उपयोग नाही.

छडीबद्दल स्टाफरूममध्ये जे बोललं जातं त्याला मी हसण्यावारी नेत नाही. ५८ मुलांपुढे पाच-सहा तास उभं राहिलेल्या माणसाची ती हतबलता आहे. मारलं की थांबतं, हेही खरं आहे. त्या तासापुरतं थांबतं. मात्र वरच्या उदाहरणातल्या मुलाला मारलं असतं तर काय झालं असतं बघा: छडी खाऊन झाली की तो जागेवर बसला असता आणि वाचनाची पाळी टळलीच असती. दोन छड्या ही किंमत त्याने आनंदाने दिली असती. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. वर्गासमोर ‘मूर्ख’, ‘तुझ्या बापाने कधी शाळा पाहिली का’ असं बोलणंही त्यातच येतं.

दाखल्याचंही तेच. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत पुनर्परीक्षेनंतर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, काढून टाकण्याची नाही. पालकांकडून ‘स्वेच्छेने’ दाखल्याचा अर्ज लिहून घेण्याची पद्धत मला ठाऊक आहे. तसं करू नका. अशी मुलं दुसऱ्या शाळेत जातात, दोन महिन्यांनी तिथूनही जातात आणि मग कुठल्याच हजेरीपटावर राहत नाहीत.

ज्याचा ओठ फुटला तो मुलगाही तुमचाच विद्यार्थी आहे, हे यात हरवू देऊ नका. समुपदेशन म्हणजे मारणाऱ्याचे लाड, असं बाकीच्या पालकांना वाटतं, कारण मार खाल्लेल्याकडे कुणी वळूनच पाहत नाही. आधी त्याच्याशी बोला, त्याच्या घरी फोन करा, त्याला बाक बदलून हवा असेल तर द्या. आणि नुकसान करणाऱ्याने ते भरून द्यायला हवं. ‘सॉरी म्हण’ यावर मुळीच भागवू नका, ते तोंडातल्या तोंडात म्हटलं जातं आणि दोघांनाही त्याची किंमत नसते. वही फाडली तर त्याने मधल्या सुट्टीत बसून ती पानं नव्या वहीत उतरवून द्यावीत. लिहायलाच अवघड जात असेल तर पुठ्ठा घालून, शिवून द्यावी. याचा अर्थ त्याला कळतो.

आणखी एक, लोक हमखास सुचवतात ते: वांड मुलाला वर्गाचा मॉनिटर करा. माझ्या अनुभवात हे बहुतेकदा फसतं. मॉनिटरचं काम आपण काय दिलेलं असतं? बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. म्हणजे ज्याचं चारचौघांत पटत नाही त्याच्याच हातात खडू देऊन आपण त्याला अजून शत्रू मिळवून देतो. त्याऐवजी ज्यात कुणावर हुकूम चालवायचा नाही असं, रोजचं, नेमकं काम द्या. मैदानावरचं साहित्य काढणं-ठेवणं, त्याची मोजदाद. तुमच्या मुलाला हे जमेल असं वाटतं.

मग आता करायचं काय? येत्या सोमवारपासून दोन आठवडे नोंदी. तुम्ही, इंग्रजीच्या बाई, हिंदीचे सर, तिघंच पुरे. त्या नोंदी घेऊन गुरुवारी मॅडमबरोबर बसा, मुलाला न बोलावता. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या समुपदेशकाचा सगळ्यांत चांगला उपयोग हाच: तिने वर्ग बघावा, शिक्षकांशी बोलावं. मुलाबरोबर एकांतात बसण्याला महत्त्व आहेच, पण शेकडो मुलांच्या शाळेत एका दिवसात ती किती जणांबरोबर बसणार? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले आहेत. पूर्णवेळ समुपदेशकाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत लेखी मांडा, तुमच्यासारख्या वर्गशिक्षकाने मांडली तर तिला वजन येतं.

दरम्यान रोज सकाळी परिपाठाआधी तुम्ही त्याला दोन मिनिटं भेटा. उपदेश नाही, कालचा हिशोब नाही. ‘जेवलास का, झोप झाली का, आज कुठला तास जड वाटतोय?’ एवढंच. शाळा सुटताना पुन्हा एक मिनिट. पहिले आठ-दहा दिवस तो उत्तर देणार नाही. द्यावंच असा आग्रह धरू नका, फक्त चुकवू नका.

आणि एका गोष्टीची तयारी ठेवा. ज्या वागण्यामुळे त्याची आजवर सुटका होत होती ती सुटका तुम्ही बंद केलीत, की सुरुवातीला त्याचं वागणं आणखी बिघडतं. आधी शिट्टीने काम भागत होतं, आता भागत नाही, म्हणून तो बाक पालथा करून बघेल. नेमक्या याच वेळी स्टाफरूममधून ‘बघा, सांगितलं होतं’ ऐकू येतं आणि सगळे जुन्या वाटेला लागतात. हा काळ माझ्या अनुभवात साधारण दोन-तीन आठवड्यांचा असतो. मुख्याध्यापकांना हे आधीच सांगून ठेवा आणि दाखल्याचा विषय दिवाळीपर्यंत बाजूला ठेवायचं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. सहा-आठ आठवडे नीट करूनही नोंदींत काहीच हललं नाही, तर मग जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाला दाखवायचं.

दोन आठवड्यांनी काय दिसलं ते इथे लिहा, मुलाचं नाव न लिहिता. इंग्रजी-हिंदीच्या तासाला वाचन कसं घेतलं जातं आणि त्याचा हजेरी क्रमांक कितवा आहे, तेही लिहा.